कुणाचं लग्न चालू आहे?

लिनक्सवर एक अख्खं फोल्डर एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं असेल तर त्यासाठी सीपी नावाची आज्ञा आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली, त्यातही ती होती. पन्नासहून जास्त वर्षांत तिच्यात पुष्कळ भर पडली, पण स्वभाव तोच राहिला. ती गप्प असते. आपण आज्ञा देतो, एंटर मारतो, आणि कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. काम दोन सेकंदांचं असो की नऊ तासांचं, मधे एक अक्षर उमटत नाही. काम झालं तरी ती ‘झालं’ म्हणत नाही, नुसती पुढच्या आज्ञेसाठी जागा मोकळी करून देते. सगळं नीट चाललं असेल तर बोलायचं नाही, बिघडलं तरच तोंड उघडायचं, अशी ती जुनी शिस्त. एका प्रोग्रॅमच्या तोंडून निघालेलं दुसऱ्या प्रोग्रॅमच्या कानात जायचं असतं, तिथे बडबड नको, हे त्यामागचं कारण. ते पटण्यासारखंही आहे. सीपीला प्रगती दाखवायला शिकवा ही मागणी लोक वर्षानुवर्षं करतात आणि सांभाळणारी मंडळी ती वर्षानुवर्षं नाकारतात.

इंजिनिअरिंगला असताना मला ही शिस्त भयंकर रुबाबदार वाटायची. अजूनही थोडी वाटते. पण सीपी लिहिणाऱ्यांच्या दारात पाणी चढत नव्हतं, एवढं मात्र मी आता धरून चालतो.

माझ्या मामाचा सांगलीत, गावभागात, फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, बारशी, मुंजी आणि मुख्यतः लग्नं. सांगलीपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत, म्हणजे हरिपूर, अंकली, कवलापूर, बुधगाव, नांद्रे, इथली तीस वर्षांतली कितीतरी लग्नं त्यानं काढली आहेत. आधी रोल, मग डिजिटल, मग करिझ्मा अल्बम, आता ड्रोन. मी मूळचा साताऱ्याचा, पण कॉलेज सांगलीला, त्यामुळे चार वर्षं रविवारचं जेवण मामाकडे आणि त्याच्या बदल्यात स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची डॉक्टरकी माझ्याकडे, असा व्यवहार होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगलीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५३ च्या वर गेलं होतं, आणि गावभागातल्या लोकांनी मनातल्या मनात तीच शेवटची रेघ मानून ठेवली होती. मामानंही. कॅमेरे आणि लाइटं त्यानं आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे हलवली होती. निगेटिव्हचे डबे आणि कॉम्प्युटर माळ्यावर चढवायचे आणि कॉम्प्युटरमधली लग्नं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क खिशात घालून निघायचं, असा बेत होता.

कॉपी सुरू केली. खिडकी उघडली, हिरवा पट्टा सरकायला लागला. पट्ट्याखाली लिहिलेलं, १२ मिनिटं बाकी. मामा खुर्ची ओढून बसला. मग ३ तास बाकी. मग ४० मिनिटं. मग पुन्हा २ तास. ‘नक्की किती?’ म्हणून त्यानं मला फोन केला. मी विश्रामबागेतल्या खोलीत होतो, मधले रस्ते बंद व्हायला लागले होते. मी म्हणालो, तो आकडा मनावर घेऊ नकोस. ‘मग काय मनावर घेऊ?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न इतका सरळ होता की तो पुढे वर्षभर डोक्यात राहिला. तासाभरात वीज गेली. मामा डिस्क घेऊन निघाला. पाणी माळ्याच्याही वर गेलं.

पूर ओसरल्यावर डिस्क उघडून पाहिली तर काही लग्नं आली होती, काही नव्हती, आणि काही अर्धी आली होती. नवरा-नवरी आहेत, अक्षता नाहीत, असं. निगेटिव्हचे डबे चिखलानं भरलेले. त्यातल्या पट्ट्या त्यानं आणि मामीनं बादलीत धुऊन दोरीवर वाळत घातल्या. बऱ्याच वाचल्या, जिलेटिन सुटलेल्या गेल्या.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. ज्या गल्ल्यांत स्टुडिओ बुडाला त्याच गल्ल्यांत गिऱ्हाइकांची घरंही बुडाली होती. घराघरांतले अल्बम फुगून, पानं एकमेकांना चिकटून, लगदा झाले होते. ती सगळी माणसं मामाकडे यायला लागली: ‘तुमच्याकडं असतीलच की.’ माझ्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात, आणि पहिला धडा असा असतो की बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नये. इथे बॅकअप त्याच नदीच्या काठावर होता. सांगलीच्या नगर वाचनालयाचीही त्या पुरात हजारो पुस्तकं भिजली, त्याच्या बातम्या झाल्या. भिजलेल्या लग्नांच्या झाल्या नाहीत. एक बाई तर लग्नाच्या फोटोंसाठी आल्याच नव्हत्या. त्यांना त्यांच्या वडलांचा फोटो हवा होता. वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला जो लावला तो पुरात गेला. दुसरा असलाच तर कुणाच्या तरी लग्नात पंगतीत वाढताना मामानं काढलेला. फोटोग्राफरकडे लोक शेवटी यासाठी येतात. कुणाच्या तरी आनंदाच्या दिवशी मागच्या रांगेत उभा असलेला आपला माणूस शोधायला.

त्या हिरव्या पट्ट्याची बाजू मी थोडी घेतो. तो मुद्दाम खोटं बोलत नसतो. दोनशे जीबी म्हणजे दोन-दोन जीबीचे शंभर व्हिडिओ असतील तर ते भराभर सरकतात. तेवढेच दोनशे जीबी बारीकबारीक लाखभर फायलींत असतील तर फिरत्या डिस्कचं डोकं प्रत्येक फाइलसाठी जागा बदलत राहतं आणि वेग बराच खाली येतो. पट्टा मागच्या काही सेकंदांचा वेग बघून पुढचं भाकीत करतो. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं. ब्रॅड मायर्स या संशोधकानं १९८५ साली अशा पट्ट्यांवर एक निबंध वाचला होता. किती टक्के झालं हे दिसत राहिलेलं माणसांना आवडतं, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. आवडतं हे खरंच. पण आवडणं आणि त्या आकड्यावर घर सोडायचं की नाही ते ठरवणं यात फरक आहे.

सांगलीला अशा एका आकड्यावर घर सोडण्याची सवय आहे, आणि तो पट्टा कुणी कॉम्प्युटरवाल्यानं बनवलेला नाही. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची फुटांत मोजतात. पावसाळ्यात हा आकडा व्हॉट्सॲपवर तासातासाला फिरतो. गंमत अशी की तो टक्के सांगत नाही, किती वेळ राहिला तेही सांगत नाही. नुसते फूट आणि इंच. पण आपली गल्ली किती फुटांना तुटते आणि आपली पायरी किती फुटांना बुडते, हे तिथल्या माणसाला पाठ असतं. मामाच्या स्टुडिओची पहिली पायरी ४७ ला. आकडा सगळ्यांना एकच मिळतो आणि अर्थ ज्याचा त्यानं आपल्या उंबऱ्यावरून लावायचा असतो. मला हे त्या हिरव्या पट्ट्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटतं. ‘१२ मिनिटं बाकी’ असलं आश्वासन ते देत नाही, आणि न्यायचं काय, ठेवायचं काय हे ज्याला ठरवायचंय त्याच्या हातात त्याच्या कामाचं माप देतं.

२०२० चा लॉकडाऊन लागला तेव्हा मी नोकरीला लागलेलो आणि घरून काम म्हणून साताऱ्यात शाहूपुरीत. मामाकडे एकही लग्न नाही. त्यानं वाचलेल्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या, दिवसाला दोनेक रोल. आणि मी संध्याकाळी त्याच्यासाठी कॉपी करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

खरं तर लिहायची गरज नव्हती. या कामासाठी आरसिंक आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात ते लिहिलं आणि आजही त्याला तोड नाही. जे आधीच पोचलंय ते सोडून फक्त नवीन किंवा बदललेलं नेतं, मधेच तुटलं तर उरलेल्या फायलींपासून पुढे चालू होतं. २०१३ पासून त्याला सगळ्या कामाची मिळून प्रगतीही दाखवता येते. डीडी आहे, तिलाही २०१५ मध्ये बोलायला शिकवलं. पाइपमधून किती वाहिलं ते दाखवणारी पीव्ही आहे. आणि चालू असलेल्या सीपीच्या उघड्या फायलींत डोकावून ती कुठवर आली ते बाहेरून सांगणारं एक छोटं साधन आहे. गप्प माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखावं तसं. मामाला आरसिंक लावून दिलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखवलं. काळ्या स्क्रीनवर आकडे पळायला लागले: इतके बाइट, इतके टक्के, इतका वेग.

मामा थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘ह्ये टक्के घेऊन काय करू मी? कुणाचं लग्न चाललंय ते सांग की.’

विचार केला तर त्याचं बरोबर होतं. ६३ टक्के म्हणजे काय? उद्या उठून जायची वेळ आली तर ६३ टक्क्यांत कवलापूर आलं की नाही? त्याचं माप लग्न हे आहे. त्याच्या फोल्डरांची नावंही तशीच होती: गाव, साल, आडनाव. म्हणून मी लिहिलेला प्रोग्रॅम एका वेळी एक लग्न उचलतो, त्याचं नाव छापतो, आणि ते संपूर्ण पोचल्यावर नावापुढे ‘पोच’ असं लिहितो. प्रोग्रॅमचं नावही पोच. अडीचशे ओळींचा पायथन, कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण दोन ठिकाणी मी अडलो, ती सांगण्यासारखी आहेत.

पहिली अडचण, आधी मोजायचं की आधी उचलायचं. एकूण किती आहे हे सांगायचं तर सगळी फोल्डरं आधी एकदा फिरून यावं लागतं, आणि जुन्या डिस्कवर त्यातच काही मिनिटं जातात. आरसिंकनं २००८ पासून यावर तोडगा काढलाय: मोजणी आणि नेणं बरोबरच चालू ठेवायचं. त्यामुळे सुरुवातीला त्याचं ‘एकूण’ वाढत राहतं आणि टक्के मागे येतात. मामाला विचारलं. तो म्हणाला, ‘पाणी आल्यावर घरात भांडी किती हायत ते कोण मोजतंय? उचलायला लागायचं.’ म्हणून पोच मोजत बसत नाही. फक्त क्रम ठरलेला आहे: ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी. हा क्रम मामानं वहीत लिहून दिला.

दुसरी अडचण जास्त खोल होती. कुठलाही प्रोग्रॅम ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा डिस्कवर नसतं, मेमरीत असतं. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतं, प्रोग्रॅमला ‘मिळालं’ म्हणतं आणि मागाहून सवडीनं डिस्कवर उतरवतं. कॉपी होत असलेली डिस्क मंद असली की मधे एखाद-दीड जीबी साचतं. सांगलीकराला हे एका शब्दात समजतं: फुगवटा. पुढे हरिपुराशी वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे साचतं, तसंच. स्क्रीनवर १०० टक्के दिसतात, माणूस वायर उपसतो आणि शेवटची लग्नं फुगवट्यातच राहतात. म्हणून पोच दर लग्नानंतर थांबते, सगळं खरोखर डिस्कवर उतरवून घेते, तेव्हाच नावापुढे शब्द उमटतो. त्यामुळे ती मधेमधे अडकल्यासारखी वाटते. माझ्या ऑफिसातल्या मित्रानं पाहिलं आणि म्हणाला, हे हळू आहे. आहेच.

पुढची पायरी पडताळणीची. नेताना प्रत्येक फोटोचा एक ठसा, म्हणजे त्यातल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला एक लांबलचक आकडा, यादीत लिहून ठेवायचा. नंतर डिस्कवरचा फोटो परत वाचून ठसा जुळतो का बघायचं. इथेही एक मेख आहे. लगेच वाचायला गेलं तर लिनक्स डिस्कला हातही न लावता मेमरीतलीच प्रत पुढे करतं आणि सगळं अर्थातच जुळतं. म्हणून डिस्क एकदा काढून पुन्हा जोडल्याशिवाय पोच पडताळणी सुरू करत नाही. यादी त्याच डिस्कवर असते, त्यामुळे पडताळणी कुठल्याही दुसऱ्या कॉम्प्युटरवर होऊ शकते. ही सोय मी आळसापोटी केली होती, तिचा उपयोग पुढे झाला.

जुलै २०२१. २२ तारखेला साताऱ्यात असा पाऊस होता की समोरचा अजिंक्यतारा दिवसभर दिसला नाही. महाबळेश्वरात २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गेली, त्या बातम्या येत होत्या. साताऱ्यात राहणाऱ्याला सांगलीचा पूर आधी कळतो, कारण तो आमच्याकडूनच जातो: माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना. कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले याची बातमी आली की सांगलीतले लोक कापडी पिशव्या शोधायला लागतात. मी मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘बघतोय. तू फक्त फोन चालू ठेव.’

वर्षभरात दर महिन्याच्या १ तारखेला पोच चालत होती, त्यामुळे जुन्या डिजिटल लग्नांची चिंता नव्हती. त्यांची एक प्रत माझ्याकडे साताऱ्यात होती. राहिली होती ती निगेटिव्हची नवी स्कॅन, सुमारे ३८० जीबी. दुकानातल्या कॉम्प्युटरला दोन जागा होत्या डिस्क लावायला, एक काळी, एक निळी. काळीत लावली तर साडेतीन-चार तास, निळीत सव्वा तास. २३ ला सकाळी त्यानं निळीत लावली, फोन स्क्रीनसमोर टेकवला आणि बाकीचं सामान आवरायला लागला. मी साताऱ्यात बसून नावं बघत होतो. नांद्रे १९९३. पोच. हरिपूर १९९५. पोच. आत-बाहेर करताना मामा मान वळवून बघायचा. एकदा थबकून म्हणाला, ‘ह्या लग्नात जिलबी कमी पडली हुती.’ बाहेर भोंग्यावरून घरं सोडायच्या सूचना चालल्या होत्या.

शेवटच्या लग्नापुढे पोच उमटली तेव्हा पाणी अजून पायरीला लागलं नव्हतं. कॉम्प्युटर दोघा पोरांनी वरच्या मजल्यावर घरमालकांकडे नेला. पडताळणी राहिली होती, तिला अजून तासभर. मी म्हणालो राहू दे, जा. तो डिस्क आणि माझा जुना लॅपटॉप घेऊन सहा आसनी रिक्षात बसला. मग पाचच मिनिटांत फोन: ‘डिस्क लावलीय ह्या लॅपटॉपला. पुढं काय दाबू?’ रिक्षात सात माणसं, एक पिंजऱ्यातला पोपट, आणि मामाच्या मांडीवर उघडा लॅपटॉप. विश्रामबागेला पोचायला एरवी पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी पाऊण तास लागला. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, काय लिवतंय ते? मामा त्यांना नावं वाचून दाखवत गेला. कवलापूर जुळलं. बुधगाव जुळलं. आजींचं माहेर बुधगाव निघालं.

अंकली १९९७ मध्ये तीन फोटोंचे ठसे जुळले नाहीत. केबल, धक्का, डिस्कची जागा, काहीही असू शकतं; ठसा का जुळला नाही ते सांगत नाही, नाही जुळला एवढंच सांगतो. मूळ फोटो वरच्या मजल्यावर, बंद कॉम्प्युटरमध्ये, आणि खाली पाणी चढत निघालेलं. त्या खेपेला ते ५४ फुटांच्या आसपास जाऊन थांबलं.

दहा-बारा दिवसांनी कॉम्प्युटर खाली आणून सुरू केला. तीनातले दोन फोटो नीट वाचले गेले, पुन्हा उतरवले, जुळले. तिसरा वाचला जाईना. डिस्कचा तेवढाच तुकडा ओलीनं म्हणा, वयानं म्हणा, गेला होता. बाहेरच्या डिस्कवरची प्रत उघडली तर चित्र येतं, पण मधून एक आडवा रंगीबेरंगी पट्टा जातो. वर मांडव आहे, खाली पाय आहेत, आणि पट्ट्याच्या जागी आहेर घेणाऱ्यांचे चेहरे. निगेटिव्ह स्कॅन करून झाल्यावर पट्टीच्या कडा गळून पडत होत्या, ती कधीच टाकून दिली होती.

मामानं अंकलीला फोन करून त्या घरी सांगितलं. त्यांचा अल्बम २०१९ लाच गेला होता, त्यामुळे बाकीचे सगळे फोटो मिळाले याच आनंदात ते होते. या एका फोटोचं त्यांना काही वाटलं नाही. मामाला वाटलं. त्यात कोण कोण होतं हे त्यानं आठवून वहीत लिहिलं, पाच नावं, सहावं आठवत नाही म्हणून जागा सोडली आहे.

पोच अजूनही दर १ तारखेला चालते. मिरजेचे दोन फोटोग्राफर आणि हळदीच्या पेठेतला एक अडत्या ती वापरतात; अडत्याला लग्नाऐवजी खातेदारांची नावं दिसतात. सगळी यादी संपली की मामाच्या स्क्रीनवर एक ओळ उरते: अंकली १९९७, फोटो २१४, पोच नाही. ही ओळ यायची बंद करणं एका मिनिटाचं काम आहे. मी दोनदा विचारलं. मामा म्हणतो, राहू दे, तुझं काय खातीय.